पुडी सापडली तरी मूल शाळेतच हवं

बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याच्या अंगाने असलेल्या एका मराठी हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. वर्ग आठवी ते दहावी. शाळेतल्या व्यसनविरोधी कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा सोबत एक जाडजूड फाईलही आली. प्रभातफेरीचे फोटो, निबंध स्पर्धेत नंबर आलेले निबंध, 31 मेच्या तंबाखूविरोधी दिनाची शपथ, 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला आलेल्या पाहुण्यांच्या भाषणाचं टिपण. सगळं मनापासून केलेलं दिसत होतं. पण आठवीतला मुलगा मधल्या सुट्टीत गालात मावा का धरतो, तो त्याला कोण देतं, पहिल्यांदा कुणाच्या हातून मिळाला, यातलं काहीच त्या फाईलीत नव्हतं. मला आधी तेच समजून घ्यायचं होतं.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हिंडलगा, सुळगा, उचगाव मागे टाकून पुढे गेलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. दुसऱ्या अंगाने चोर्ला घाट उतरलं की गोवा. गुटख्यावर महाराष्ट्राने 2012 साली बंदी घातली, कर्नाटकाने 2013 साली. महाराष्ट्रात पानमसालाही बंद आहे, आमच्याकडे तो उघड विकला जातो. त्यामुळे टपरीवर पानमसाल्याच्या आणि तंबाखूच्या पुड्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी लटकत असतात. दोन पुड्या तळहातावर एकत्र केल्या की झाला गुटखा. मावा तर समोरच घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून चोळायचं की झालं. गोव्याची दारू स्वस्त, आणि प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी गोव्याला कामाला. गांजा पकडल्याची बातमी पेपरात आली की पालक हादरतात, आणि हादरायलाच हवं. पण माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांची सुरुवात गांजाने होत नाही. ती सुपारीने होते, मग मावा, मग काहींच्या बाबतीत पुढचं.

पहिलं काम म्हणून मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिन्ही वर्गांत चिठ्ठ्या लिहून घेतल्या. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, सगळ्यांना सारख्याच पेन्सिली, आणि पेटी वर्गातल्याच एका मुलीच्या हातात. चिठ्ठ्या मी एकटीच वाचणार आणि वाचून जाळणार, हे आधी सांगितलं होतं आणि तसंच केलं. प्रश्न साधे होते. आपल्या वर्गातली किती मुलं मावा, तंबाखू, सिगारेट यातलं काही घेत असतील असं तुला वाटतं? गेल्या महिन्यात तू स्वतः घेतलंस का? पहिल्यांदा कुणी दिलं?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. बहुतेकांना वाटत होतं की अर्ध्याहून जास्त वर्ग खातो. प्रत्यक्षात "मी घेतलं" म्हणणारे थोडेच होते. काहींनी लपवलं असेल हे धरूनही फरक मोठाच राहिला. म्हणजे न खाणारा मुलगा मनातून स्वतःला वेगळा, मागे पडलेला समजत होता, आणि खाणाऱ्याला वाटत होतं आपण सगळ्यांसारखेच आहोत. ही गैरसमजूत मोडणं हे प्रतिबंधाच्या कामातलं एक महत्त्वाचं अंग आहे, हे मी नंतर वाचलं. तिथे मात्र ते चिठ्ठ्यांनीच शिकवलं.

तिसऱ्या प्रश्नाने मला जास्त विचारात पाडलं. चुलतभावाने. हळदीच्या रात्री. गणपतीच्या मांडवात जागताना. सुगीच्या दिवसांत मळणीवर. आज्जीच्या डबीतून. बाबांनी तंबाखू आणायला पाठवलं तेव्हा वाटेत. शाळेच्या गेटजवळ उभा असलेला कुणी अनोळखी माणूस, ज्याचं चित्र दरवर्षी पोस्टर स्पर्धेत काढलं जातं, तो एकाही चिठ्ठीत नव्हता. आमची मुलं हे शिकत होती ती आपल्याच माणसांत, आनंदाच्या नाहीतर कष्टाच्या वेळी. कार्यक्रम आखायचा तर तो इथून आखायला हवा होता.

त्याच वर्षी तालुक्याच्या प्रशिक्षणाला आलेल्या एका समुपदेशक बाईंनी आमच्या बऱ्याच समजुतींना धक्का दिला. त्यांनी अमेरिकेतल्या डेअर या कार्यक्रमाची गोष्ट सांगितली. 1983 साली लॉस एंजलिसमध्ये तो सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन अमली पदार्थांबद्दल शिकवत. कार्यक्रम देशभर पसरला, पालक खूश, शाळा खूश. पण पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिलं तेव्हा तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनात म्हणण्यासारखा फरकच सापडेना. 2001 साली तिथल्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने तो परिणाम न करणाऱ्यांत टाकला. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 2018 साली काढलेल्या प्रतिबंधाच्या मानकांतही हेच आहे. नुसती भाषणं, नुसती भीती, व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला व्यासपीठावर उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, यांचा उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो. उपयोग होतो तो मुलांनी स्वतः भाग घेतलेल्या, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणाऱ्या तासांचा. नकार देण्याचा, ताण हाताळण्याचा, निर्णय घेण्याचा सराव करून घेणाऱ्या तासांचा. आणि ते तास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने घ्यायचे असतात.

मला यात नवल वाटलं नाही. 26 जूनच्या भाषणांना मी मागच्या रांगेत बसलेली आहे. पाहुणे कळकळीने बोलतात, पदार्थांची नावं सांगतात, फोटो दाखवतात. मुलं चित्रपट बघावा तशी बघतात आणि बाहेर पडताना एकमेकांना विचारतात, ते कुठं मिळतंय रे? आम्ही 26 जून बंद केला नाही. त्या दिवशी मुलांनी वर्षभरात काय केलं ते मुलांनीच पालकांसमोर मांडायचं, एवढा बदल केला.

तास आठवड्यातून एक. बाकं भिंतीला लावून गोलात बसायचं. पहिले काही तास मुलं हसण्यातच घालवतात, तेवढा वेळ द्यावा लागतो. मग आम्ही प्रसंग उभे करायला लागलो, चिठ्ठ्यांतलेच. हळदीची रात्र, डॉल्बी वाजतोय, चुलतभाऊ मावा पुढे करतो. मांडवामागे कॅनमधून काहीतरी ओतून देतात. मित्र म्हणतो, एवढं घेतल्यावर अभ्यासाला झोप येत नाही. डेअरवाल्यांनी पुढे जो नवा अभ्यासक्रम स्वीकारला त्यात सुटकेच्या चार वाटा सांगितल्या आहेत. सरळ नाही म्हणणं, कारण सांगणं, तिथे जाणंच टाळणं, उठून निघून जाणं. मी त्या फळ्यावर लिहिल्या, पण वाक्यं मुलांनी आपली आपण बसवली.

"घे की रे, एवढा काय भितोस?"

"नको. संध्याकाळी मॅच हाय."

"मॅच हाय तर काय झालं? सगळी खात्यात."

"कुठली सगळी? आमच्या वर्गात मोजलंय की आम्ही. दोन-चार जण खात्यात, त्यातला एक तू."

हे शेवटचं वाक्य एका नववीतल्या मुलाने ऐनवेळी सुचून म्हटलं आणि सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. पुढे वर्षभर ते वाक्य तिन्ही वर्गांत फिरत राहिलं. आमच्या एका सहकाऱ्यांना मॅचचं किंवा बाबांच्या माराचं कारण देणं पटत नव्हतं. मुलांना सबबी शिकवू नका, ठामपणे नाही म्हणायला शिकवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. तेरा वर्षांच्या पोराला अठरा-वीस वर्षांच्या भावांच्या घोळक्यातून त्या रात्री सुखरूप बाहेर पडायचं असतं. त्याला त्या घडीला उपयोगी पडेल ते त्याने म्हणावं. ठामपणा वयाबरोबर येईल. ही वाक्यं डोक्यात ठेवून भागत नाही, ती तोंडात बसावी लागतात. म्हणून एकाच प्रसंगात जोड्या बदलून सगळ्यांना उभं करते. मुलींनाही. आमच्याकडे मुलींना या विषयातून वगळायची पद्धत आहे, पण मशेरीची डबी आधी मुलींच्याच हाताला लागते.

सुपारीचा तास सगळ्यात परिणामकारक ठरला. कर्करोगाचे फोटो आमच्या मुलांना पाठ झालेत, पुडीवरच छापलेले असतात. तेव्हा मी फोटो दाखवलेच नाहीत. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा म्हटलं. निरोगी तोंड तेवढं सहज उघडतं. सगळ्यांनी करून पाहिलं, हशा पिकला. मग मी सांगितलं की सुपारीने तोंडातली आतली त्वचा कडक होत जाते, पांढरट पडते, तिखट लागलं तरी आग होते आणि हळूहळू जबडा उघडायचा कमी होतो. याला तंबाखू लागतेच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच नुसती सुपारी माणसात कर्करोग करते असं जाहीर केलं आहे. "नुसती सुपारीच की ती, तंबाखू कुठं हाय?" हे आमच्याकडच्या आया-आज्यांचं वाक्य मुलांना तोंडपाठ असतं, त्यामुळे वर्ग एकदम शांत झाला.

तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. त्याचं तिसरं बोट जात नव्हतं. जेवणात चटणी लागली की तोंड भाजतं, हेही तो म्हणाला. तो पाचवीपासून सुपारीच्या पुड्या खात होता, अलीकडे मावा. त्याच्या आईला बोलावून दोघांना बेळगावच्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेले. डॉक्टरांनी तोंड आतून तपासून सांगितलं की आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण सुपारी आणि तंबाखू दोन्ही पूर्ण थांबवलं तर वाढणं थांबू शकतं. जबड्याचे व्यायाम शिकवले, औषध दिलं, पुन्हा तपासणीला यायला सांगितलं. आई येताना बसमध्ये सारखी म्हणत होती, सुपारीनं असं होतंय हे मला कुणी सांगितलंच नाही वो टीचर. तिचं खरं होतं. नंतर काही शिक्षकांनी सुचवलं की या मुलाला प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करून बोलू द्यावं, बाकीच्यांना धाक बसेल. मी नाही म्हटलं. तो आजारी होता, उदाहरण नव्हता. त्याने सोडलंय, व्यायाम चालू आहेत, एवढं त्याच्या आईकडून अधूनमधून कळतं.

एका मुलीने विचारलेला प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते, कारण सीमाभागातल्या कुठल्याही शाळेत तो येणारच. तिचे मामा निपाणीकडचे. "टीचर, तंबाखू एवढी वाईट, तर आमचे मामा वाईट काम करत्यात काय?" निपाणीची काळी माती आणि बिडीची तंबाखू हे पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी तिथे महामार्गावर ठाण मांडून बसले होते, गोळीबार झाला, माणसं गेली. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांनीही आपल्या मजुरीसाठी संघटना बांधली, लढा दिला. हे सगळं मी वर्गात सांगितलं. तुझे मामा कष्टकरी आहेत, त्यांचा मान आहेच. आणि तंबाखूची ताकद त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही. दहिवर असलेली ओली पानं हाताळली की कातडीतून निकोटिन शिरतं, मळमळतं, चक्कर येते, हे शेतात काम करणाऱ्याला विचार. नुसत्या स्पर्शाने हे होतं तर गालात धरल्यावर काय होत असेल, एवढंच आपण बोलतोय. तिने घरी जाऊन मामांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं की मामांच्या मळ्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ओकतो. ज्या घराचं पोट तंबाखूवर आहे त्या घरातल्या मुलाला अपराधी वाटेल असं आपण काही बोललो तर ते मूल आपल्यापासून तुटतं, आणि तुटलेलं मूल आपलं पुढचं काहीच ऐकत नाही.

पालकसभेला बाप फारसे आले नाहीत, आया आल्या. त्यातल्या कित्येकींच्या घरी तव्यावर तंबाखू भाजली जाते, सकाळी मशेरी लावल्याशिवाय त्यांना कामाला उभारी येत नाही. त्यांना सोडा म्हणण्याचा मला अधिकार नव्हता आणि तो त्या दिवसाचा विषयही नव्हता. मी दोनच गोष्टी मागितल्या. मुलाला दुकानात तंबाखू आणायला पाठवू नका, आणि डबी मुलाच्या हाताशी ठेवू नका. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी होती, कर्नाटकाने 2025 पासून ती एकवीसवर नेली आणि दंडही वाढवून एक हजार रुपये केला, हे सांगितलं. बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमाखाली मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांगितलं. एक आज्जी उठून म्हणाली, "माझं काय आता सुटत नाही बाई. पण पोराला पाठवायचं नाही म्हंजे नाही, मी म्हातारी हाय तरी माझी मी जाऊन आणीन." तिच्यामागून बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. लग्नात पान-तंबाखूचं तबक फिरवायला पोरांना लावायचं नाही, ही सूचनाही त्या सभेत एका आईनेच केली. ती मला सुचली नव्हती.

दुकानांचं काम मात्र किचकट होतं. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकता येत नाही, आणि तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती हद्द पिवळ्या पट्ट्याने दाखवायची असते. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. गणिताच्या सरांनी ते मोजमाप नववीचा तास म्हणून घेतलं. मुलांनी टेप धरून कुंपणापासून चारी रस्त्यांवर मोजलं आणि पंचायतीने पट्टे मारून दिले. पट्ट्याच्या आत एक टपरी आणि एक किराणा दुकान आलं. किराणावाली मावशी विधवा, तिची नात आमच्याच आठवीत. मी तिच्याकडे कायद्याचा कागद घेऊन गेले नाही, संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना जाऊन बसले. तिच्या विक्रीत तंबाखूचा वाटा किती, तो गेला तर काय, हे आधी ऐकून घेतलं. शाळेला लागणाऱ्या वह्या, पेनं, चार्टपेपर ती ठेवील तर आम्ही मुलांना तिच्याकडे पाठवू, असं मुख्याध्यापकांशी बोलून सांगितलं. तिने माळा उतरवल्या. टपरीवाला काही केल्या ऐकेना. पंचायतीचे विकास अधिकारी आणि बीटचे पोलीस येऊन गेल्यावर त्याने टपरी उचलली आणि वळणाच्या पलीकडे, पट्ट्याबाहेर नेऊन ठेवली. गावातले काही जण म्हणाले, मग काय उपयोग? उपयोग झाला. मधली सुट्टी लहान असते. वळणापर्यंत जाऊन, मावा घोटून घेऊन, थुंकून, चूळ भरून घंटेच्या आत वर्गात येणं जमत नाही. व्यसन अजून न लागलेल्या मुलाला एवढा अडथळासुद्धा पुरतो.

आता ज्या प्रसंगामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याकडे येते.

नववीतला एक मुलगा स्वच्छतागृहामागे सापडला. हातात फडकं, खिशात पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब. मावा, सिगारेट आम्हाला परिचयाचं होतं, हे शाळेत पहिल्यांदाच उघड झालं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळकपणे आली आहे. बाकी सगळे मादक पदार्थ मोठी माणसं जास्त घेतात, पण हुंगायच्या पदार्थांत मुलं पुढे आहेत. 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58 टक्के. कारण सरळ आहे. सोल्यूशन, थिनर कुठेही मिळतं, स्वस्त असतं, घरात सापडलं तरी कुणाला संशय येत नाही. आणि धोका मात्र भयंकर. त्यातल्या टोल्यूइनसारख्या द्रव्यांनी हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून पहिल्या खेपेलाही मूल दगावू शकतं. म्हणूनच हुंगत असलेल्या मुलाच्या मागे धावू नये, त्याला दचकवू नये, ओरडू नये. घाबरल्यावर हृदयावरचा ताण वाढतो. शांतपणे जवळ जायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, एकटं सोडायचं नाही. आमच्या शिपाईमामांनी उपजत शहाणपणाने नेमकं हेच केलं. त्याला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि दुसऱ्या मुलाला माझ्याकडे पाठवलं.

स्टाफरूममध्ये एकच सूर निघाला, दाखला हातात द्या. एक नासका आंबा आढी नासवतो. शाळेचं नाव जाईल. दहावीच्या निकालावर परिणाम होईल. हे बोलणारे वाईट शिक्षक नव्हते, त्यांना इतर मुलांची काळजी होती. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा मुलाला शाळेतून काढू देत नाही, पण हा नववीतला. कायद्याची ढाल माझ्याकडे नव्हती. मी एवढंच विचारलं की दाखला घेऊन हा मुलगा उद्या सकाळी जाणार कुठे? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वडील गोव्यात हॉटेलात कामाला, घरी आई आणि लहान बहीण, आणि हा संध्याकाळी रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात काम करत होता. सोल्यूशन त्याला तिथेच भेटलं होतं. शाळेतून काढला की तो दिवसभर त्याच दुकानात. म्हणजे ज्या सहा तासांत तो त्या ट्यूबपासून लांब असतो, ते सहा तासच आपण काढून घेणार. शाळेशी असलेलं नातं हे मुलाला व्यसनापासून वाचवणाऱ्या गोष्टींपैकी एक मोठी गोष्ट आहे, असं जगभरचे अभ्यास सांगतात. ते नातं आपल्याच सहीशिक्क्याने तोडायचं का?

मुख्याध्यापक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दाखला देणार नाही. आईला बोलवा.

आईला आम्ही बोलावलं ते वर्ग सुटल्यावर, कुणी नसताना. ती मुलावर हात उगारून धावली, तिला आधी बसवावं लागलं, पाणी द्यावं लागलं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जाऊ म्हटल्यावर ती रडायला लागली, माझा पोरगा वेडा नाही वो टीचर. पोलिसांत नाव जाईल ही भीती वेगळीच. डॉक्टरांकडे उपचारासाठी जाणं हा गुन्हा नाही, हे तिला परत परत सांगितलं. तिच्यासमोर 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लावला. नंतर मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांकही तिला कागदावर लिहून दिला. रुग्णालयात डॉक्टरांनी मुलाशी एकट्याशी बोलणं केलं, मग आईशी, मग दोघांशी. रक्त तपासलं. वडिलांना गोव्याहून बोलावून घ्या म्हणाले, आणि ते आले.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. मधे तो पुन्हा हुंगू लागला, काही दिवस शाळेत आला नाही. वर्गातली दोन मुलं रोज त्याच्या घरावरून यायची, त्यांनी त्याला सोडलं नाही. पंक्चरचं दुकान सोडवणं ही खरी कळ होती, कारण घराला त्या पैशांची गरज होती. गावातल्या दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ माप घ्यायचं काम त्याला मिळालं, त्यासाठी मुख्याध्यापक स्वतः डेअरीच्या चेअरमनांना भेटले. उपचार, आईचा धीर, मित्र, डेअरी, यातलं नेमकं कशाने झालं हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. दहावीला तो बसला. गणित राहिलं, पुरवणी परीक्षेत सुटलं.

त्याच्यामुळे शाळेने एक पानाचा नियम लिहून काढला. मुलाकडे काही सापडलं तर आधी जीव सुरक्षित आहे का बघायचं. मारायचं नाही, प्रार्थनेत नाव घ्यायचं नाही, दप्तर सगळ्यांसमोर उपसायचं नाही. आई-वडिलांशी बोलायचं, डॉक्टरांकडे न्यायचं, वर्गात परत आणायचं. कारवाई करायची ती विकणाऱ्यावर. दाखला देणं हा त्या पानावर पर्यायच ठेवलेला नाही. ज्यांनी त्या दिवशी दाखला द्या म्हटलं होतं त्यांनीही त्यावर सही केली आहे. नव्याने आलेल्या शिक्षकाला वेळापत्रकाबरोबर ते पान देतो.

दोन ठिकाणी आम्ही अजून अपुरे पडतोय. एक म्हणजे आठवीत सुरुवात करणं फार उशिराचं आहे. 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत, चघळायच्या तंबाखूला कधीतरी हात लावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो दहा वर्षांची व्हायच्या आत लावलेला होता. आमच्या चिठ्ठ्याही तेच सांगत होत्या. म्हणून गावच्या प्राथमिक मराठी शाळेत पाचवी ते सातवीला शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला आहे. दहावीतली मुलं माझ्याबरोबर येऊन तिथे प्रसंग करून दाखवतात. लहान मुलं शिक्षकांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

दुसरं ठिकाण दहावीनंतरचं. मुलं आयटीआयला, कॉलेजला, काही उद्यमबागेतल्या कारखान्यांत, काही शिनोळीच्या एमआयडीसीत, काही गोव्याला जातात. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा हातावर ठेवणारं कुणीतरी तिथे पहिल्या आठवड्यातच भेटतं. शाळेत तीन वर्षं नाही म्हटलेली मुलं तिथे हो म्हणतात, हे माजी विद्यार्थीच येऊन सांगतात. उद्यमबागेतले एक कारखानदार आमच्या शाळेचे जुने विद्यार्थी आहेत. त्यांना भेटून विचारलं की नव्या पोरांना रात्रपाळीवर लगेच लावू नका, आणि रात्री दोन वाजता चहा-खाण्याची सुट्टी द्या, एवढं तरी जमेल का? सुपरवायझरशी बोलून सांगतो म्हणालेत. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक आणि मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहोत, या वेळी दोन माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन.